हायब्रिड गाडीचं अ‍ॅव्हरेज अचानक पडलं? बॅटरीवर जाण्याआधी हे तपासा

"भाऊ, गाडी तेवीस-चोवीस देत होती, आता सतराच्या वर जात नाही. बॅटरी गेली म्हणतेत, खरं आहे का?"

यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या तालुक्याच्या गावांत हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो. ग्रँड विटारा, हायरायडर, हायक्रॉस, सिटी यांच्या हायब्रिड गाड्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर असलेल्या, २०२२ पासून बाजारात आल्या आणि हळूहळू आपल्याकडेही दिसू लागल्या. सर्व्हिस सेंटर मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, कुणाकुणाला तर थेट नागपूर गाठावं लागतं. म्हणजे नुसतं दाखवायला नेण्यातच एक दिवस जातो आणि शे-दोनशे किलोमीटरचं पेट्रोल. म्हणून अंगणात उभं राहून जेवढं तपासता येतं तेवढं आधी तपासून घ्यावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मोठी बॅटरी हे कारण मी सगळ्यात शेवटी धरतो. बॅटरीचं नाव ऐकलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात मोठ्या बिलाचा अंदाज ठेवणं सोपं असतं. प्रत्यक्षात अ‍ॅव्हरेज पडलेल्या बहुतेक गाड्यांत बॅटरी ठणठणीत असते.

त्याऐवजी स्वतःला दोन प्रश्न विचारा. अ‍ॅव्हरेज नेमकं कधीपासून पडलं? आणि गाडी गावात हळू चालताना किंवा उभी असताना इंजिन पूर्वीसारखं बंद राहतं का?

दुसरा प्रश्न का, ते थोडक्यात सांगतो. या गाड्यांना बाहेरून चार्जिंग नाही. सगळी ताकद शेवटी टाकीतल्या पेट्रोलमधूनच येते. जास्त अ‍ॅव्हरेज मिळतं ते दोन गोष्टींमुळे: ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी ऊर्जा मोटर परत बॅटरीत घालते, आणि गर्दीत, वळणावर, उतारावर इंजिन बंद ठेवून गाडी मोटरवर चालते. इंजिनला बंद राहायची संधीच मिळत नसेल तर हायब्रिडचा फायदा संपला. इंजिन पूर्वीइतकंच बंद राहतं आणि तरी अ‍ॅव्हरेज पडलं असेल, तर गाडी जड चालते आहे, पेट्रोलमध्ये फरक आहे किंवा मोजण्यात गोंधळ आहे. एवढी फोड केली की अर्धं काम होतं.

आधी मोजणी नीट करा

डिस्प्लेवर तीन प्रकारचे आकडे असतात: गाडी चालू केल्यापासूनचा, पेट्रोल भरल्यापासूनचा आणि एकूण. घरापासून बसस्टँडपर्यंत तीन किलोमीटर जाऊन पहिला आकडा पाहिला तर तो कमीच दिसणार, कारण थंड इंजिन सुरुवातीला तापण्यासाठी चालूच राहतं. छोटी बारा व्होल्टची बॅटरी काढून लावली असेल तर ट्रिपचे आकडे पुसले गेलेले असू शकतात. त्यामुळे टाकी ते टाकी हिशोब करा. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पहिल्या ऑटो-कटला भरणं थांबवायचं. किलोमीटर लिहून ठेवायचे, पुढच्या वेळी तसंच भरायचं, किलोमीटरला लिटरने भागायचं. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, किमान दोन टाक्या पाहा. ग्रँड विटारा-हायरायडरसाठी कंपनी सांगते तो २७.९७ चा आकडा चाचणीतला आहे. त्याच्याशी तुलना करून उपयोग नाही. तुलना तुमच्याच गाडीच्या मागच्या महिन्यांशी करा, आणि त्याच रस्त्यावरची.

पंपावर शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा. वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं ते माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितल्यावर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त तूट दिसली तर तक्रार करा, मागे हटू नका.

आता इथेनॉल. सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावरच असतो आणि त्यात तथ्यही आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज थोडं घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात चारचाकीसाठी दोन अंदाज दिले होते: शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या गाड्यांत ६ ते ७ टक्के घट, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के. म्हणजे चोवीस देणाऱ्या गाडीचं वाईटात वाईट दीड-पावणेदोन किलोमीटर जाईल. चोवीसची सतरा झाली असेल तर खापर पेट्रोलवर फोडून थांबू नका. बाकीचे पाच-सहा किलोमीटर दुसरीकडेच चाललेत.

तक्रार कोणत्या महिन्यातली आहे?

आपल्याकडे ही तक्रार ऋतू बघून येते. म्हणून मी तारीख विचारतो.

एप्रिल-मे असेल तर उष्णता धरा. चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूर इथे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा या गाड्यांवर दुहेरी भार पडतो. पहिला एसीचा. हायब्रिडमधला एसीचा कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालत नाही, मोठ्या बॅटरीवर चालतो. गाडी उभी असली, इंजिन बंद असलं, तरी एसी बॅटरी खात राहतो. बॅटरी खाली आली की तिला भरायला इंजिन आपोआप सुरू होतं. गाडी जागची हलत नाही आणि पेट्रोल मात्र जळतं. कोर्टकचेरीच्या कामाला गेलेल्या साहेबांसाठी गाडी बाहेर एसी लावून तासभर उभी, लग्नाच्या मांडवाबाहेर लेकरं गाडीत बसलेली, असं होत असेल तर कारण सापडलं.

दुसरा भार स्वतः बॅटरीवर. हे फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. यातल्या बऱ्याच गाड्यांत मोठी बॅटरी गाडीच्या आतल्या हवेनेच थंड केली जाते. एक छोटा पंखा केबिनमधली थंड हवा ओढून बॅटरीवर सोडतो. त्या हवेची जाळी मॉडेलप्रमाणे मागच्या सीटच्या खाली, बाजूला किंवा पुढच्या सीटखाली असते. नेमकी कुठे ते मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेलं असतं. ही जाळी बंद झाली की बॅटरी तापते, बॅटरी तापली की गाडीचा कॉम्प्युटर तिला वाचवण्यासाठी तिच्यातून घेणं आणि तिच्यात भरणं दोन्ही कमी करतो, आणि मग सगळं ओझं इंजिनवर येतं. ब्रेकमधून मिळणारी फुकटची ऊर्जाही पूर्ण साठवली जात नाही.

जाळी बंद कशाने होते? आपल्याकडे मुख्यतः तीन गोष्टींनी. नवी गाडी घेतल्या घेतल्या बसवलेलं जाडजूड रेक्झिनचं सीट कव्हर, ज्याचा खालचा पदर थेट जाळीवर येतो. कडेपर्यंत शिवून बसवलेलं मॅटिंग. आणि सीटखाली कोंबलेलं सामान: बियाण्याच्या थैल्या, फवारणीचं साहित्य, गोणपाट, छत्री. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात सीट कव्हर लावताना ही जाळी उघडी ठेवायला सांगा, आणि गाडी घरी आणण्याआधी स्वतः वाकून पाहा.

आधीच बंद असेल तर कव्हर तेवढ्या भागात कापून घ्या किंवा वर शिवून घ्या. जाळीमागे फिल्टर असेल तर तो काढून कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. तिथे पाणी मारायचं नाही, ओलं फडकंसुद्धा नको. प्रेशरने आतून गाडी धुऊन देणाऱ्यांना हे आधीच बजावून ठेवा. तापलेल्या बॅटरीची एक खूण सोपी आहे: मागच्या सीटजवळून पंख्याचा घूं-घूं आवाज पूर्वीपेक्षा मोठा आणि जास्त वेळ येतो.

उन्हात तापलेली गाडी घेताना आधी मिनिटभर सगळ्या काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. एसी एकदम शेवटच्या टोकाला नेण्याऐवजी २५-२६ वर ठेवा आणि आतली हवा फिरवणारं बटण दाबा. कडुलिंबाची सावली मिळाली तर दोन पावलं जास्त चालावं लागलं तरी गाडी तिथेच लावा.

रेल्वे फाटकावर किंवा टोलच्या रांगेत गाडी न्यूट्रलमध्ये टाकून बसू नका. गिअरच्या गाडीची ही सवय आहे आणि हायब्रिडमध्ये ती नुकसान करते. बहुतेक हायब्रिड न्यूट्रलमध्ये असताना बॅटरी चार्ज करत नाहीत. इंजिन चालू दिसलं तरी नाही. ब्रेक धरून डी मध्येच राहा, वेळ लागणार असेल तर पार्कमध्ये टाका. तसंच काही गाड्यांत बी नावाची जागा असते, ती घाटातल्या लांब उतारासाठी आहे. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना ती कामाची, रोजच्या सपाट रस्त्यावर नाही.

तक्रार ऑगस्ट-सप्टेंबरची असेल तर माझा पहिला हात ब्रेककडे जातो.

हायब्रिडमध्ये बहुतेक वेळा मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे खरे ब्रेक पॅड फार कमी वापरले जातात. पॅड खूप वर्षं टिकतात, ही चांगली बाजू. पण कमी वापरामुळे कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना जागच्या जागी जाम होतात. त्यात आपली काळी माती. पांदण रस्त्याने वावरात जाऊन आलेल्या गाडीच्या चाकांत तो चिकट गाळ भरतो, वाळतो, दगडासारखा होतो. पिन जाम झाली की पॅड डिस्कवरून पूर्ण सुटत नाही, आणि गाडी दिवसभर ब्रेक थोडा दाबलेला असल्यासारखी चालते. चाकाला खुंटी अडकवून बैलगाडी ओढायला लावण्यासारखं आहे हे. ओढली जाते, पण बैल दमतो.

तपासायची पद्धत अशी. मोकळ्या सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा, जोरात ब्रेक न लावता गाडी हळूहळू थांबू द्या. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, डिस्कला हात लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं, जळका वास आला किंवा त्याच रिमवर काळी भुकटी जास्त दिसली, तर ते चाक धरून ठेवतंय. तालुक्याचा चांगला मेकॅनिक कॅलिपर उघडून पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावून देईल, हे काम हायब्रिड म्हणून वेगळं नाही. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत मात्र मागच्या कॅलिपरला हात लावण्याआधी तो ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो, हे त्याला माहीत आहे का ते विचारा. पावसाळ्यात चाकांची आतली बाजू दर आठवड्याला पाण्याने धुतली तर ही वेळच सहसा येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहिली शंका टायरची. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण दीड पीएसआयने कमी होते. ऑक्टोबरच्या दुपारी ३५ अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे १० अंशांत आपोआप साडेतीन-चार पीएसआय कमी भरते, एक थेंबही न गळता. वर फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचं मीटर बरोबर असेलच असं नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा स्वतःचा गेज घेऊन डिकीत ठेवा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरवर मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो.

हिवाळ्यातली दुसरी गोष्ट म्हणजे छोट्या फेऱ्या. डेअरीवर दूध घालून परत, पोरांना शाळेत सोडून परत, दुपारी बँकेत. प्रत्येक वेळी इंजिन थंड झालेलं, आणि प्रत्येक वेळी ते तापेपर्यंत चालू राहणार. यात बिघाड काही नाही. दोन-तीन कामं एकाच फेरीत बसवली की आकडा लगेच सुधारतो. पण वीस-पंचवीस मिनिटं नीट चालवूनही गावात हळू जाताना इंजिन बंदच होत नसेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून ठेवणारी झडप, उघडा अडकल्याचा संशय घ्या. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र, असलेल्या गॅरेजमध्ये कूलंटचं तापमान चालत्या गाडीत पाहता येतं. ते इंजिनच्या नेहमीच्या तापमानाच्या बरंच खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट बदलायचा. खर्च बॅटरीच्या तुलनेत किरकोळ.

याच काळात कापूस घरी येतो, जिनिंगच्या आवारात गाडी उभी राहते, तुरीची मळणी सुरू होते. कापसाचे तंतू आणि कुटाराची धूळ मघाच्या त्याच बॅटरीच्या जाळीत जाऊन बसते. ज्यांच्या घरात गाडीशेजारीच पोती रचलेली असतात त्यांनी उंदरांचाही विचार करावा. फिल्टरच्या डब्यात, पंख्याच्या नळीत कापसाचं घरटं सापडणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. म्हणून संक्रांतीच्या आसपास एक सफाई ठरवूनच टाका. इंजिनचा एअर फिल्टरही बदला, पण त्याने अ‍ॅव्हरेज फार वाढेल ही आशा नको. इंजेक्शनच्या इंजिनात फिल्टर चोंदला तर पिकअप आधी जातो. कॉम्प्युटर हवेच्या हिशोबानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेजला फारसा धक्का लागत नाही.

समृद्धीवर चढल्यापासून पडलं असेल तर

हे कारण ऐकून लोक नाराज होतात, पण हिशोब साधा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे आणि वर्ध्यापासून बुलडाण्यापर्यंत आपल्या बऱ्याच लोकांची नागपूर-शिर्डीची ये-जा आता तिथूनच होते. तिथे ब्रेक लावायचा प्रसंग कमी, म्हणजे परत मिळणारी ऊर्जा कमी, आणि इंजिन जवळजवळ सतत चालू. जुन्या रस्त्याने गावागावांतून थांबत जाताना हायब्रिड जी बचत करते ती इथे मिळत नाही. गाडीत दोष नाही. १२० ऐवजी ९०-९५ वर एकदा जाऊन या आणि आकडा स्वतः बघा. वर रिकामं कॅरिअर बसवलेलं असेल तर तेही काढा, वेगात त्याचा भुर्दंड मोठा असतो.

सर्व्हिसिंगनंतर किंवा टायर बदलल्यानंतर लगेच पडलं असेल तर बिल काढून वाचा. या इंजिनांना झिरो डब्ल्यू सोळा किंवा झिरो डब्ल्यू वीससारखं पातळ ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजात हाताशी होतं म्हणून वीस डब्ल्यू पन्नास ओतलं, तर इंजिनला ते जाड ऑइल दर वेळी ढवळावं लागतं. मॅन्युअलमधलाच ग्रेड भरून घ्या, आणि डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू देऊ नका. टायर बदलताना हौसेने रुंद किंवा जाड नक्षीचे घेतले असतील तर त्यांचं ओझं कायमचं सोबत राहील. गिट्टीच्या रस्त्यावर खड्ड्यात आदळलेल्या गाडीचं अलाइनमेंटही पाहून घ्या. टायर एकाच कडेला झिजत असेल तर ती खूण पक्की.

साध्या स्मार्ट हायब्रिड एर्टिगासारख्या गाड्यांना यातलं टायर, ब्रेक, ऑइल, पेट्रोल एवढंच लागू होतं. त्यांची मोटर इंजिनला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही.

आणि खरंच बॅटरी असेल तर

तिची लक्षणं वेगळी असतात. स्क्रीनवरच्या बॅटरीच्या कांड्या काही मिनिटांत भरभर चढतात आणि तितक्याच भरभर उतरतात. इंजिन दर थोड्या वेळाने सुरू-बंद होत राहतं. जाळी साफ असूनही, थंड सकाळीही पंखा जोरात फिरतो. हायब्रिड सिस्टिमचा इशारा दिवा लागतो. यातलं काही नसेल आणि कुणी नुसत्या अ‍ॅव्हरेजवरून बॅटरी बदला म्हणत असेल, तर स्कॅनरवरचा बॅटरीचा अहवाल कागदावर मागा.

या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीला साधारणपणे ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तिथपर्यंत वॉरंटी असते. आपल्या वॉरंटी पुस्तिकेतली अट वाचा. सेकंडहँड गाडी असली तरी वाचा. आणि नारिंगी रंगाच्या केबलला कुणालाही हात लावू देऊ नका, कितीही ओळखीचा मेकॅनिक असो. त्यात शंभराच्या कितीतरी वर व्होल्टचा डीसी करंट असतो, तो जीव घेऊ शकतो.

सर्व्हिस सेंटरला जायचंच ठरलं तर एक कागद सोबत न्या. अ‍ॅव्हरेज कोणत्या तारखेपासून पडलं, दोन टाक्यांचा हिशोब, थंड टायरची हवा, कोणतं चाक गरम लागलं, बॅटरीची जाळी साफ केली का, शेवटचं ऑइल कोणतं भरलं, आणि इंजिन केव्हा बंद व्हायला हवं असताना बंद होत नाही. शेवटची गोष्ट सल्लागाराला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर प्रत्यक्ष दाखवा, आणि जॉबकार्डवर "अ‍ॅव्हरेज कमी" एवढंच न लिहू देता ती ओळ तशीच्या तशी लिहून घ्या.